इंटरकूलर बसवायला पुढचा क्रॅश बार कापावा का?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी टर्बो पेट्रोल, रोज चालणारी, अधूनमधून ट्रॅकवर जाणारी. ७६ मिमी जाडीचा फ्रंट माउंट इंटरकूलर आणलाय, म्हणजे टर्बोची गरम हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारा, गाडीच्या नाकात बसणारा. त्याच्या कोरची (हवा थंड करणाऱ्या जाळीची) वरची बाजू क्रॅश बारच्या, म्हणजे बंपरमागच्या आडव्या बारच्या, खालच्या कडेला अडतेय, आणि गॅरेजवाला म्हणतोय की बारची खालची ४० मिमी ग्राइंडरने उडवून देऊ, नाहीतर बारच काढून टाकू, पुढे बंपर आहेच की.

बार काढायचा तर विषयच नको. आणि कापायचा पण नाही, निदान आधी बाकीचे रस्ते संपेपर्यंत तरी नाही. मी हेच काम करतो, बरेच फ्रंट माउंट बसवलेत, त्यातल्या बहुतेक ठिकाणी बारला हात लावायची गरजच पडली नाही, फक्त कोर नीट निवडावा लागला आणि मोजमापाला वेळ द्यावा लागला. तुमच्या केसमध्ये पण माझं मत तेच आहे, बार आहे तसा राहू द्या आणि इंटरकूलर बदला.

गॅरेजवाले जे म्हणतात ना की हा बार फक्त पार्किंगमधल्या ठोकरीसाठी असतो, त्यात अर्धं खरं आहे म्हणून ते पटतं. तुम्हाला दिसतो तो प्लास्टिकचा बंपर म्हणजे नुसतं कव्हर, त्याच्या मागे फोम, फोमच्या मागे हा बार, बारच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स, आणि क्रॅश बॉक्सच्या मागे गाडीचे पुढचे दोन रेल. हळू ठोकर बसली की क्रॅश बॉक्स घडी होऊन चेपतात आणि रेल वाचतात. १४०० किलोची गाडी १५ किमीच्या स्पीडने जात असेल तर तिच्यात साधारण १२ किलोजूल ऊर्जा असते, ती हे बॉक्स खाऊ शकतात. पण तीच गाडी ५६ ला असेल तर आकडा १७० च्या आसपास जातो, आणि तिथे बॉक्स आणि बार मिळून फार थोडी ऊर्जा खातात, बाकी सगळं रेल आणि मागची बॉडी सोसते. यावरून लोक निष्कर्ष काढतात की मोठ्या अपघातात बारचा काही उपयोग नाही, आणि चूक होते ती नेमकी इथे.

मोठ्या ठोकरीत बारचं काम ऊर्जा खाणं नाहीच मुळी. त्याचं काम दोन्ही रेलना एकत्र बांधून ठेवणं. अपघात दरवेळी सरळ समोरून थोडीच होतो, समोरचा वळवायला बघतो, तुम्ही वळवायला बघता, आणि एका बाजूला आदळतं. म्हणून तर युरो एनकॅपची (युरोपात गाड्यांची क्रॅश टेस्ट घेणारी संस्था) जुनी टेस्ट ६४ किमीला फक्त ४० टक्के रुंदीवर व्हायची, आणि २०२० पासूनची नवी टेस्ट हलत्या बॅरियरवर ५० टक्के रुंदीवर होते. अशा वेळी ज्या बाजूला आदळलं तिकडचा रेल चेपायला लागतो आणि बार दुसऱ्या रेलला खेचून कामाला लावतो. आणि खांब किंवा झाड बरोबर मधोमध आलं तर दोन्ही रेल बाजूला राहतात, खांबाच्या समोर फक्त बारचा मधला भाग असतो, तो दुमडला की पुढे रेडिएटर, मग फॅन, मग थेट इंजिन. बारवर सगळ्यात जास्त वाकवणारा जोर मधोमध येतो आणि फ्रंट माउंटसाठी लोक कापतात तो पण मधोमधच, कारण कोर तिथेच बसतो.

आता कापल्याने नक्की किती बिघडतं ते बघा, कारण इथे लोक चुकीच्या दिशेने विचार करतात. समोरून धक्का आला की बार मागच्या बाजूला वाकतो, त्यामुळे त्याची खरी ताकद पुढच्या आणि मागच्या भिंतीत, म्हणजे त्या दोन भिंतींमधल्या अंतरात असते, वरून खाली किती उंच आहे त्यात तितकी नसते. म्हणून मागच्या बाजूने खाच पाडणं, म्हणजे कोरच्या टोकाच्या टाकीला किंवा पाइपाला जागा करायला मागून चंद्रकोर कापणं, हे सगळ्यात वाईट. दोन भिंतींमधलं अंतर ६० वरून ४० मिमी झालं तर ताठपणा निम्म्याच्याही खाली येतो. खालून कापलं तर या हिशोबात नुकसान त्या मानाने कमी दिसतं आणि गॅरेजवाला पण तेच सांगतो की अर्ध्याहून जास्त बार शिल्लक आहे ना. पण खालची भिंत गेली की बंद चौकोनी पेटी उघडी पडते आणि खरा घात तिथे होतो. १०० बाय ६० ची, २ मिमी पत्र्याची पेटी घ्या, लांबीभर एका बाजूने उघडी केली तर पिळाला तिचा ताठपणा साधारण हजारपटीने कमी होतो, हो, हजार, हा छापायची चूक नाही. प्रत्यक्षात तुम्ही पूर्ण लांबी उघडी करत नाही त्यामुळे आकडा थोडा सौम्य होतो, पण धक्का कधीच बारच्या बरोबर मध्यरेषेवर येत नाही, थोडा वर किंवा थोडा खाली येतोच, आणि तेव्हा उघडा बार वाकायच्या आधी पिळतो, पुढची भिंत सुरकुतते, आणि मग शिल्लक राहिलेल्या लोखंडाचा काही फायदा होत नाही.

असा एक कापलेला बार माझ्याकडे कामाला आलेल्या गाडीचा होता. हळू स्पीडला खांबाला लागलेली, बंपर कव्हरवर फक्त एक आडवी घडी आणि रंग उडालेला, मालकाला वाटलं बंपर बदलला की झालं. कव्हर उतरवलं तर बार बरोबर कापलेल्या जागी दुमडून मागे गेलेला, ग्राइंडरने सोडलेल्या काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होऊन वर चढलेली, आणि खालच्या उघड्या कडेने कोरच्या वरच्या ओळी कापलेल्या. कोर मागे सरकून एसीच्या कंडेन्सरवर बसलेला, कंडेन्सर रेडिएटरवर. तो कोपरा मी बोटाने चाचपला तर ग्राइंडरची फिनिशिंग पण केलेली नव्हती, कडेवर बुरा तसाच होता. धड बार असता तर त्या स्पीडला बहुतेक क्रॅश बॉक्सवर भागलं असतं.

दुसरी गोष्ट धातूची. जुन्या गाड्यांमध्ये बार साध्या स्टीलचा असायचा, कापा, जोडा, फारसं काही बोलत नव्हता. आता बरेच बार हॉट स्टॅम्प केलेल्या बोरॉन स्टीलचे असतात, ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात, किंवा तसल्याच मार्टेन्सिटिक (तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या) स्टीलचे, नाहीतर ६००० सिरीजच्या अॅल्युमिनियमचे. या स्टीलची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, त्यामुळे वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या बाजूचा पट्टा मऊ पडतो, आणि बाहेरून बघून काही कळत नाही, टाका छान दिसतो. अॅल्युमिनियमचं तर आणखी वाईट, ६०८२ टी६ वर (याच ६००० सिरीजमधलं एक) टिग वेल्डिंग मारली की टाक्याच्या शेजारच्या भागाची यील्ड ताकद, म्हणजे कायमचं वाकायच्या आधी तो सोसतो तो जोर, जवळपास निम्मी होते आणि हा मऊ पट्टा दोन्ही बाजूंना इंचभर तरी पसरतो. म्हणजे "कापून पट्टी मारून देतो, पहिल्यापेक्षा भक्कम होईल" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा की बार कशाचा आहे. मॅग्नेट लावून अॅल्युमिनियम की स्टील ते लगेच कळतं, पण कुठलं स्टील ते कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, त्यात कुठे कापायला चालतं आणि कुठे नाही हेही दिलेलं असतं. आणि बहुतेक कंपन्या बारच्या बाबतीत एकच गोष्ट लिहितात, की वाकला तर सरळ करू नका, वेल्ड करू नका, नवा लावा.

एअरबॅगचं बोलतो, कारण हे गॅरेजमध्ये कोणी बोलत नाही. एअरबॅगचा मुख्य कंट्रोलर मधल्या टनेलवर असतो, पण बऱ्याच गाड्यांत पुढे एक किंवा दोन सेन्सर रेडिएटर सपोर्टवर किंवा रेलच्या टोकाजवळ असतात. ठोकर लागल्यापासून काही मिलिसेकंदात, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी, एअरबॅग फोडायची की नाही ते ठरतं, आणि ते ठरतं या सेन्सरला धक्का कधी आणि कसा पोचला त्यावर. कंपनीने ते त्या फोम, त्या बार, त्या क्रॅश बॉक्सबरोबर टेस्ट करून ठरवलेलं असतं. बार कमजोर केला तर धक्का उशिरा पोचू शकतो, एअरबॅग उशिरा उघडू शकते आणि तोपर्यंत तुमचं डोकं पुढे आलेलं असतं. उलट काही जण जाड पाइपाचा बार बनवून क्रॅश बॉक्सशिवाय थेट रेलला वेल्ड करतात, त्याने लहान ठोकरीत पण एअरबॅग उघडू शकते आणि जी ऊर्जा बॉक्सने खायची ती रेलमध्ये जाऊन एवढ्याशा धक्क्यात रेल वाकतो. रेल वाकला की गाडी चॅसिस बेंचवर, म्हणजे बॉडी खेचून सरळ करायच्या मशीनवर. म्हणून जास्त मजबूत म्हणजे जास्त सेफ हा हिशोब इथे चालत नाही. कोर बसवताना सेन्सरचा ब्रॅकेट आड येतो म्हणून तो चार बोटं सरकवणं, उलटा लावणं, पातळ पट्टीवर लावणं, यातलं काहीही करू नका.

नवी गाडी असेल तर फोम पण नीट बघा. ज्या गाड्यांत पादचाऱ्याला लागलं की बोनेट वर उचललं जातं, त्यातल्या काहींमध्ये फोमच्या मागे खोबणीत एक हवेची नळी आडवी टाकलेली असते, तिचा दाब वाढला की सिस्टिम चालू होते, आणि कोर पुढे आणायला फोम काढला की ती नळी लोंबकळत राहते. फोम स्वतःसुद्धा पायाच्या गुडघ्याला वाचवायला ठराविक जाडीचा दिलेला असतो. शिवाय रडार. अॅडाप्टिव्ह क्रूझ किंवा ऑटो ब्रेकिंगचं रडार बारवरच्या ब्रॅकेटवर किंवा ग्रिलच्या मागे असतं, त्याच्या समोर अॅल्युमिनियमचा पाइप आला किंवा त्याचा कोन थोडासा जरी बदलला तर ते चुकीच्या जागी बघतं. काढून परत लावलं तर कॅलिब्रेशन करून घ्यायलाच पाहिजे.

आता तुमच्या गाडीवर येतो. माझी पहिली शंका अशी की ७६ मिमीचा कोर तुम्हाला हवाच आहे का. जाड कोर म्हणजे जास्त थंड असं सरसकट नसतं, कारण बाहेरची हवा कोरच्या पुढच्या भागातून जातानाच तापते, मागच्या भागाला आधीच गरम झालेली हवा मिळते, आणि त्याच्यामागे रेडिएटर बसलाय त्याला आणखी गरम. जाड कोरमधून हवा ढकलायला पण जोर लागतो, आणि कडेने सोपी वाट दिसली की हवा तिकडून निघून जाते. फॅक्टरी टर्बो आणि स्टेज १ किंवा २ चा ट्यून (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) असेल तर ५० ते ६० मिमीचा, थोडा कमी उंचीचा पण रुंद कोर बहुतेक वेळा पुरतो. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत मोठ्या कोरपेक्षा जास्त फरक कोरच्या चारी बाजूंनी फट बंद केल्याने पडतो. बंपरच्या तोंडापासून कोरपर्यंत पत्र्याचं किंवा प्लास्टिक शीटचं डक्ट, कडेला फोमची पट्टी, म्हणजे आत आलेली हवा कोरमधूनच जाईल. आधी आत्ताच्या इंटरकूलरवर इनटेक टेंपरेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) लॉग करा, सलग दोन-तीन पुल मारून, म्हणजे फुल अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात पळवून, मग ठरवा किती मोठा पाहिजे. बार समोर आल्याने कोरचा वरचा भाग झाकला जाईल ही भीती पण लोकांना असते, तर बार आणि कोरमध्ये थोडं अंतर ठेवलं तर हवा बारच्या खालून वळून त्या भागातही जाते, अगदी मोकळ्या भागाइतकी नाही, पण जाते.

मोजमाप बंपर उतरवून, बार जागेवर ठेवून करायचं. मी कोरच्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा डमी बनवतो, टाक्या आणि पाइपाची तोंडं धरून, आणि तोच आधी बसवून बघतो, खरा कोर नंतर. जिथे जवळ येतंय तिथे मूर्तीकामाची मऊ माती चिकटवून बंपर परत लावायचा, दाबून काढायचा, मातीची उरलेली जाडी म्हणजे तुमची खरी मोकळी जागा. कोर आणि बारमध्ये १० मिमी तरी हवेतच, आणि इंजिनकडून येणाऱ्या पाइपांना १५ ते २०, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि गिअर टाकून जोरात सोडलं की किती हलतं ते उभ्या गाडीत दिसत नाही. हॉर्न, बाहेरच्या तापमानाचा सेन्सर, वॉशरची बाटली, ग्रिलचे ब्रॅकेट, बंपरच्या आतल्या प्लास्टिकच्या फासळ्या, हे सगळं हलवता किंवा कापता येतं आणि त्यातूनच बऱ्याचदा २०-३० मिमी निघतात. तुमचे ४० मिमी पण यातून आणि थोडा बुटका कोर घेऊन निघतील असा माझा अंदाज आहे. कोर खाली सरकवताना मात्र बघा की तो बंपरच्या खालच्या कडेच्या खाली लोंबत नाही ना, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला कोर जाईल.

एवढं करूनही जमत नसेल तर बघा त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या व्हेरियंटला फॅक्टरीतून पुढे इंटरकूलर येतो का, येत असेल तर त्याचा बार तुमच्या बोल्टवर बसू शकतो. लान्सर इव्होला फॅक्टरीतूनच पुढे इंटरकूलर होता, म्हणून तिचं सगळं नाक त्या हिशोबाने बनलेलं. याउलट सुबारू डब्ल्यूआरएक्सला इंटरकूलर इंजिनच्या वर, बोनेटच्या स्कूपखाली, त्यामुळे तिला फ्रंट माउंट करायचा तर बार आड येतोच आणि बरेच किटवाले सोबत वेगळा बार देतात. निसान एस१३, एस१४ वर पण बार कापायची पद्धत जुनी आहे, पण तुम्ही जे फोटो बघता त्यातल्या कितीतरी गाड्या फक्त ड्रिफ्टच्या आहेत, आत रोलकेज, बकेट सीट, हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट. तेच बंपरमागचं गणित घरच्यांना बसवायच्या गाडीत लावू नका.

किटबरोबर येणारा बार घेतलात तर हातात घेऊन नीट बघा. क्रॅश बॉक्स आहेत का, की नुसती प्लेट आणि त्याला पाइप? पेटी बंद आहे का? दोन्ही रेलच्या बाहेरपर्यंत पोचतो का, कंपनीच्या सगळ्या बोल्टवर बसतो का की चारातले दोनच लावायचे? जमिनीपासून उंची मूळ बारइतकीच आहे का हे तर टेपने मोजाच, कारण समोरच्या गाडीचा बार तुमच्या बारच्या समोर यायला हवा. अमेरिकेच्या नियमात कारसाठी हा पट्टा १६ ते २० इंच, म्हणजे साधारण ४०६ ते ५०८ मिमी धरलाय. गाडी लोअर केली असेल तर ती उंची आधीच कमी झालेली असते, तेही धरा. आणि विक्रेत्याला सरळ विचारा की क्रॅश टेस्ट झालीय का. "मजबूत आहे" हे त्याचं उत्तर नव्हे. नुसता हलका पाइपाचा बार असेल तर तो गाडी ओढायचा हुक लावायला आणि बंपर धरायला बनवलाय असंच समजा.

आणि अगदी बार बदलणंच शक्य नाही, गाडी जुनी, बार साध्या स्टीलचा आहे हे मॅन्युअलमधून पक्कं झालंय, तरच कापायचा विचार, आणि तोही ज्या इंजिनिअरकडून मॉडिफिकेशनची मंजुरी घ्यायची त्याला आधी ड्रॉइंग दाखवून. तेव्हा मी पाळतो ते नियम असे, की बॉक्सच्या जवळ आणि बोल्टच्या आसपास हात लावायचा नाही, मागची भिंत अखंड राहिली पाहिजे, खालून जेवढं काढलं तेवढ्या ठिकाणी त्याच जाडीच्या पत्र्याने पेटी परत पूर्ण बंद झाली पाहिजे. कापाच्या दोन्ही टोकांना काटकोनी पायरी नको, लांब तिरका उतार आणि कोपऱ्यांना मोठी गोलाई, नाहीतर चीर तिथूनच निघते. स्पॉट वेल्डची कड कापायची नाही. वेल्डिंग बार गाडीवरून उतरवून, छोटे छोटे टाके आलटून पालटून मारून, नाहीतर बार वाकडा होतो. झिंक घासून काढायचं, त्याचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही, नंतर इपॉक्सी प्रायमर आणि पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण), कारण आतून गंजलेला बार बाहेरून चकचकीत दिसतो. ओढायच्या हुकाचं सॉकेट कापलेल्या भागाजवळ येत असेल तर त्याने गाडी ओढायची नाही. हे सगळं करूनसुद्धा तो मूळ बारच्या बरोबरीचा होत नाही, आणि बोरॉन स्टील किंवा अॅल्युमिनियम असेल तर हे मी करतच नाही, कितीही आग्रह केला तरी.

इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. न कळवता बार बदलला आणि पुढे क्लेम आला तर सर्व्हेअर बंपर उतरवल्यावर पहिली नजर तिथेच टाकतो. गाडी विकताना पण घेणाऱ्याला सांगा, त्याच्या घरचे पण त्यात बसणार आहेत.

फिट करताना पुढच्या वायरिंगला आणि सेन्सरला हात लागणार असेल तर बॅटरी काढा, मॅन्युअलमध्ये दिलेली वाट बघायची वेळ पाळा, मगच कनेक्टर काढा. बारचे बोल्ट टॉर्क रेंचने. आणि पाच-सातशे किमी चालवून झालं की बंपर एकदा परत उतरवा, कोरवर किंवा पाइपावर घासल्याचे चमकदार डाग दिसतात का ते बघा, क्लॅम्प परत घट्ट करा, आणि डाग असेल तर ब्रॅकेट सरकवून जागा करा, बार कापून नाही. तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बंपर उतरवलेल्या अवस्थेतले समोरून आणि बाजूने असे फोटो दिलेत, सोबत बारच्या खालच्या कडेपासून खालच्या क्रॉस मेंबरपर्यंतची उंची आणि बारपासून कंडेन्सरपर्यंतचं अंतर, तर कुठल्या मापाचा कोर न कापता बसेल ते सांगतो.